ठकीनं तोंड मिटलं

बुधवारी दुपारी ठकीनं जे तोंड मिटलं, ते रविवार उजाडला तरी उघडायचं नाव नव्हतं. दूध तेवढं प्यायची, तेही अर्धवट झोपेत, कुणी आपल्याला काही देतंय हे स्वतःलाही कळू नये अशा बेतानं. जागेपणी चमचा दिसला की ओठ आत ओढून घ्यायची. दात नसलेल्या माणसानं ओठ आत घेतले की चेहऱ्यावर एकदम म्हातारपण येतं. आठ महिन्यांच्या त्या पोरीकडे बघून तिच्या आईला वाटायचं, ही माझ्यापेक्षा जास्त दमलेली दिसते.

आणि दमण्यात तर त्या घरात सध्या चुरसच लागली होती. शुक्रवारी डॉक्टरांनी ठकीला तपासलं. घसा स्वच्छ, कान स्वच्छ, ताप नाही. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "खायला घालताना कुणी जबरदस्ती करतंय का?" त्यावर आई, बाप आणि आजी, तिघांनी एका सुरात "छे" म्हटलं. त्या घरात एकमतानं झालेली ती अलीकडची एकमेव गोष्ट.

उद्या सोमवार. उद्यापासून ठकीची आई कामावर. मालाच्या यार्डात ती क्रेन चालवायची. 'चालवायची' हा शब्दच तिला हल्ली टोचायला लागला होता. मंगळवारी आणि बुधवारी हात साफ करायला म्हणून तिला बोलावलं होतं. उंच काचेच्या खोलीत ती पुन्हा बसली, खाली माणसं मुंगीएवढी दिसली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला आपलं डोकं मानेवर नीट बसलंय असं वाटलं. रजा दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा मागितली असती तर तिला खाली पावत्या फाडायला बसवणार होते. साहेबांनी ते फार गोड शब्दांत सांगितलं होतं, म्हणून ते पक्कं होतं.

पण खात नसलेलं पोर सासूच्या पदरात टाकून काचेच्या खोलीत चढायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. वीस टन लोखंड हवेत असताना खाली कुणाचं तरी तोंड मिटलेलं आहे, हा विचार सोबत घेऊन चढता येत नाही.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात नासपतीच्या फोडी वाफवत होती. बोटाएवढ्या लांब, बोटाएवढ्या जाड. दोन बोटांत धरून दाबलं की विरली पाहिजे, आणि तरी बाळाच्या मुठीतून थोडी वर डोकावली पाहिजे. पंधरवड्यापूर्वी तिनं हे सुरू केलं होतं आणि ठकी काय खूश होती. फोड मुठीत धरायची, कपाळाला लावायची, कानात घालायची, आणि वाट चुकत चुकत एकदाची तोंडापर्यंत आणायची.

सासरे जिना चढून वर आले. खाली त्यांचा बटणांचा कारखाना. कारखाना म्हणायचा एवढंच, दोन यंत्रं आणि बटणं घासायचं एक पिंप. त्यांच्या हातात झाकलेली ताटली होती.

"हे बघ," त्यांनी रुमाल उचलला.

उकडलेल्या गाजराच्या चकत्या. शर्टाच्या बटणाच्या मापाच्या, सगळ्या एकसारख्या, कडा अंगठ्यानं घासून गोल केलेल्या. भोकं तेवढी पाडायची राहिली होती.

"कोपरा कुठंच नाही," सासरे म्हणाले. "तुझ्या त्या लांब फोडींना टोकं असतात. म्हटलं, टोचत असतील पोरीला. कोपरे घालवण्यात जन्म गेला माझा, एवढं करता येतं."

सुनेचा हात चुलीपाशीच थांबला. फोडींच्या भांडणात एवढा एकच माणूस तिच्या बाजूनं होता.

"बाबा, हे नाही चालणार."

"कडक वाटतात? अजून वाफ देतो."

"गोल आहेत."

"गोलच तर केलेत."

"तिचा घसा एवढाच असतो. गोल तुकडा त्यात बुचासारखा बसतो. फोड लांब आणि मऊ असली की ती हातात राहते, थोडी थोडी चोखता येते, नको असेल तर जिभेनं बाहेर ढकलता येते. द्राक्षसुद्धा म्हणून उभं चिरून देतात, चार भाग करून."

सासरे चकत्यांकडे बघत राहिले. "म्हणजे बटणासारखं अडकतं म्हण की."

"हो. बटणासारखंच."

"बरं," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून स्वतःच एकेक चकती खायला बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "मीठ नाही."

"तिच्यासाठी नसतंच घालायचं."

"तेवढं तरी बरोबर आलं माझं."

मोरीपाशी सासू भांडी घासत होती. पाठ वळवूनच ती बोलली, "मी तर म्हणते फोडीच नकोत. गाळून द्यायचं, चमच्यानं द्यायचं, विषय संपला. तुझ्या नवऱ्याला तीन वर्षं गाळून घातलं मी."

"त्याला अजून भाजीत गाठ चालत नाही, आई."

"मग? मेला का?"

नवरा दारात उभा होता. त्याच्याबद्दलच चाललं होतं, तरी तो नेहमीप्रमाणे दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट असल्यासारखा ऐकत होता. मग ठकीला कडेवरून खुर्चीत ठेवून तो म्हणाला, "ताई आली खाली. गाडी लावतेय."

*

नणंद आली की घरातल्या माणसांची वाटणी बदलायची. तिचं केस कापायचं दुकान होतं. दिवसभर दुसऱ्यांची डोकी हातात धरून बोलायची सवय लागलेली. आल्याआल्या तिनं वहिनीच्या केसांत बोटं घातली, "टोकं फाटलीत गं सगळी," म्हणाली आणि आईच्या शेजारची खुर्ची धरली. म्हणजे आज ती कुणाच्या बाजूनं, ते ठरलं.

"आई फोनवर सांगत होती," तिनं सुरुवात केली. "मी म्हणते, एवढं अडलंय कुठं? दात नाही तोंडात आणि फोडी कसल्या द्यायच्या? माझी दोन्ही पोरं पातळ खाऊन मोठी झाली."

"हिरड्या पुरतात, ताई. फोड दाबून बघा, लोण्यासारखी आहे."

"सगळं पुरतं गं. पण आईनं दिवसभर जिवाला घोर लावून बसायचं, आणि तू वर आकाशात."

भांडायला जो एक श्वास लागतो, तो सुनेनं उद्यासाठी राखून ठेवला होता. ठकी खुर्चीत ताठ बसली होती, पाय फळीवर टेकलेले. सुनेनं तिच्यासमोर नासपतीच्या दोन फोडी आणि भोपळ्याची एक ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, "कुणी भरवायचं नाही. कुणी 'आ कर' म्हणायचं नाही. आपण आपलं जेवायचं. लक्ष ठेवायचं, पण टक लावायची नाही."

"म्हणजे चोरून बघायचं," सासरे म्हणाले.

"तसंच समजा."

मग ती पाच मोठी माणसं जेवायला बसली, एकमेकांना वाढू लागली, आणि त्यांच्यापैकी कुणालाही आपण काय खातोय ते सांगता आलं नसतं.

सासू ठकीच्या उजव्या हाताला बसली होती. ती जागा तिचीच. या घरात लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूनं तिला आधी स्वयंपाकघर दाखवलं नव्हतं, बोट दाखवलं होतं. उजव्या हाताची तर्जनी, अशी आकड्यासारखी वाकवायची, गालाच्या कडेनं आत, जिभेच्या मागून ओढून बाहेर. बटणांच्या घरात बटण कुठं नसतं? जिन्यात, गादीखाली, पिठाच्या डब्यात. मूल रांगायला लागलं की तोंडात बटण ठरलेलं. तिनं स्वतःच्या दोघांच्या, दिराच्या तिघांच्या, कारागिरांच्या पोरांच्या तोंडातून बटणं काढली होती. कुणाचं तोंड हललं की तिचं बोट निघायचं. शेजारणी हाका मारून न्यायच्या. लग्नात नाही, बारशात नाही, पण या एका गोष्टीत तिचा मान होता. त्या बोटानं कुणी गेलं नव्हतं. गेलं नव्हतं एवढं तिला पुरत होतं. का गेलं नाही, हे कधी तपासायची वेळ आली नव्हती.

ठकीनं इकडं तिकडं बघितलं. कुणीच बघत नव्हतं. तिनं नासपतीची फोड उचलली.

नणंदेचा घास हातातच राहिला. नवऱ्यानं पाण्याचा पेला उगाचच भरला. फोड गालाला लागली, नाकाला लागली. मग ओठ सुटले आणि फोडीचं टोक आत गेलं. ठकी चोखू लागली. सुनेनं ताटात बघता बघता डोळे मिटले, बुधवारनंतर पहिल्यांदाच.

मऊ तुकडा तुटला. ठकीनं तो जिभेवर घोळवला, तो जरा जास्तच मागं गेला, आणि तिला उबळ आली. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, जीभ पुढं आलेली, घशातून खर्रर्र असा भला मोठा आवाज.

सासूनं काही ठरवलं नाही. हात तिचा होता, पण तो तिच्या आधी निघाला. बोट गालाच्या कडेनं आत गेलं, जिभेच्या मागं पोचलं. ठकीचं डोकं मागं आपटलं, पाय फळीवर ताडताड वाजले, आणि बोट बाहेर आलं तेव्हा त्याच्यावर नासपतीचा तेवढासा गर होता.

"आला," सासू म्हणाली. "निघाला. झालं, झालं माझं बाळ."

ठकी किंचाळली. किंचाळताना तोंड उघडावं लागतं, तेवढंच उघडलं. मग ओठ आत गेले.

*

नणंदेच्या जिभेवर एकदम चव आली. लहानपणी तोंडात शिरणाऱ्या आईच्या बोटाची: पॉलिशच्या लगद्याची, त्यावर कपड्याच्या साबणाची, आणि त्याखाली लोखंडाची. किती वर्षांत ही चव आठवली नव्हती. दातांच्या डॉक्टरकडं खुर्चीत बसलं की आपण त्याचं मनगट का धरतो, त्याची मदतनीस आपल्याला का हसते, हे तिला तिथं, आईच्या शेजारी, हातातल्या घासासकट कळलं. घास तिनं ताटात परत ठेवला.

"आई," ती म्हणाली, "बुधवारी असंच केलंस का?"

"असंच म्हणजे कसं? मंगळवारी एकदा, बुधवारी दोनदा घशात गेलं पोरीच्या. मी होते म्हणून. नाहीतर आज ही इथं..." सासूनं वाक्य सोडून दिलं. बोट अजून वाकडंच होतं.

सुनेनं ठकीला उचललं, खांद्यावर घेतलं. ती आवाज चढवेल असं सगळ्यांना वाटत होतं. तिनं फक्त नवऱ्याकडं बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"बुधवारी वर आलो होतो पाणी प्यायला. तेव्हा बघितलं."

"आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू माझ्या शेजारीच बसला होतास."

"त्यांनी जबरदस्ती विचारली," नवरा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हेच त्यातलं वाईट होतं. "आई कुठं घालत होती? ती तर काढत होती."

त्या घरात सगळी लहानाची मोठी झाली ती अशीच. आत घालायची ती जबरदस्ती, बाहेर काढायची ती माया.

"मी नेते तिला," नणंद म्हणाली. बाजू बदलताना ती खुर्चीही बदलायची. उठून वहिनीच्या मागं जाऊन उभी राहिली. "दुकानात मागची खोली आहे. उद्यापासून माझ्याकडं."

"केसांत बसवणार पोरीला?" सासूनं विचारलं. आवाज बारीक झाला होता. "सगळी मिळून मला असं बघताय जसं मी काही... मग काय करायचं होतं? बसून बघायचं होतं? पोर घुसमटतंय आणि आजी ताटावर बसून चोरून बघतेय?"

"ती घुसमटत नव्हती, आई," सून म्हणाली. ती शेजारच्या खुर्चीत बसली. उभं राहून हे सांगायचं नव्हतं. "आवाज येत होता ना? खोकत होती, लाल झाली होती. म्हणजे हवा चालू आहे, तिचं तीच बाहेर आणतेय. लहान मुलांची ती उबळ जिभेवर पुढंच येते, आपल्यासारखी मागं नाही. शिकताना असं होतंच. अडकतं तेव्हा आवाज येत नाही. आवाज बंद होतो, रडता येत नाही, ओठ निळे पडायला लागतात. ते वेगळं."

"आणि तोवर मी थांबू?"

"यार्डात वजन वर घेतलं की ते झोके खातं. नवा माणूस असला की धावतो, हातानं धरायला जातो. आणि त्याच्या हातानंच ते जास्त फिरतं. आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात, हवेतल्या वजनाला हात लावायचा नाही. वर बसलेला माणूस त्याला आपोआप स्थिर होऊ देतो. तिच्या तोंडातला घास तसा आहे, आई. बोट गेलं की तो मागं ढकलला जाऊ शकतो. बटण दिसायचं, आकड्यात यायचं. हा गर दिसतही नाही."

"मागं ढकलला," सासू हळूच म्हणाली. तिनं आपलं बोट बघितलं, जणू ते कुणीतरी तिच्याकडं ठेवायला दिलं होतं. "म्हणजे मीच..."

"झालं नाही ना काही," सासरे म्हणाले.

"आणि खरंच अडकलं तर?"

सुनेनं ठकी नवऱ्याकडं दिली, उशी ओढली आणि आपल्या हातावर पालथी घातली. यार्डाच्या प्रथमोपचाराच्या वर्गात तिनं हे रबराच्या बाहुलीवर केलं होतं. "असं हातावर पालथं घ्यायचं, मांडीचा आधार, डोकं खाली, हनुवटी धरायची. दोन खांद्यांच्या मधोमध तळव्यानं, जोरात. पाच वेळा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी दाब, पाच वेळा. पुन्हा पालथं. आणि एकानं तोवर फोन करायचा, दवाखान्याच्या गाडीला. तुम्ही करून बघा."

सासूनं उशी घेतली. पहिला तळवा अगदी हलका पडला.

"एवढ्यानं उशीची धूळही निघणार नाही," नणंद म्हणाली.

दुसरा चांगला पडला. तिसरा असा, की सासऱ्यांनी आपली ताटली बाजूला सरकवली. "हे मला आधी कुणी का दाखवलं नाही?" सासू म्हणाली. रागावून नाही, फार दमून. सून म्हणणार होती, विचारलं कुठं होतंत. पण ती म्हणाली, "मीच दाखवायला हवं होतं. फोडी दाखवल्या, हे राहिलं."

*

दुसऱ्यांदा ठकीला खुर्चीत बसवलं तेव्हा जेवणं निवून गेली होती. कुणी उठलं नाही. सासूनं स्वतःहून खुर्ची मागं घेतली, मग पुन्हा पुढं, मग उजवा हात मांडीखाली दाबून बसली.

"राहत नाही," थोड्या वेळानं ती म्हणाली. "निघतोय."

सासऱ्यांनी तिचा हात मांडीखालून काढला आणि आपल्या हातात धरला. बटणं घासून घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषाही गुळगुळीत झाल्या होत्या. मुलीसमोर, सुनेसमोर त्यांनी असा तिचा हात कधी धरला नव्हता. नणंदेनं भावाकडं बघितलं, भावानं छताकडं.

ठकी फळीकडं बघत बसली. फोडी गार होऊन काळ्या पडायला लागल्या. सुनेनं त्यातली एक उचलून स्वतः खाल्ली, सावकाश, हिरड्यांनी खाल्ल्यासारखी. काही दाखवायला म्हणून नाही, तिला खरोखरच भूक लागली होती. सासऱ्यांनी जांभई दिली. नवऱ्यानं भाजीतली गाठ शोधून काठाला लावली. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं, आणि या वेळी त्यात नाटक नव्हतं, सगळी नुसतीच थकली होती.

भोपळ्याची फोड ठकीच्या मुठीत आली. बराच वेळ ती नुसती दाबत बसली, बोटांच्या फटींतून नारिंगी लगदा निघाला. मग तिनं मूठ चाटली. मग मुठीतला उरलेला तुकडा तोंडात घातला.

आणि उबळ आली. तसाच लाल चेहरा, तसाच खर्रर्र. सासूचा हात सासऱ्यांच्या मुठीत असा उसळला की त्यांना दुसराही हात लावावा लागला.

"आवाज येतोय," सून म्हणाली. ती ठकीच्या ओठांवरून नजर न काढता खुर्चीच्या कडेवर बसली होती, हात मोकळे. "आवाज येतोय, आई. ऐका."

"ऐकतेय," सासू म्हणाली. तिनं डोळे घट्ट मिटले होते.

"डोळे उघडा. बघायचं असतं."

सासूनं डोळे उघडले. ठकीची जीभ पुढं आली, भोपळा जिभेवरून घसरून हनुवटीवर आला, तिथून फळीवर पडला. ठकीनं एक श्वास घेतला. पडलेल्या तुकड्याकडं तिनं नीट बघितलं, हा कोण, कुठून आला, अशा चेहऱ्यानं. मग त्याला उचलून पुन्हा तोंडात घातलं आणि चघळायला लागली.

नणंदेनं नाक पुसलं. सुनेला आपले खांदे खाली आलेले कळले. ते इतके वर होते हेही तेव्हाच कळलं.

"माझं वय नाही गं हे," सासू म्हणाली. "असं बघत बसायचं."

"माझं पण नाही," सून म्हणाली.

"ताई, नेणार आहेस का हिला?" नवऱ्यानं विचारलं.

नणंदेनं आईकडं बघितलं. "मी न्यायचं म्हटलं तर आई सोडणार आहे का? शनिवारी येत जाईन. केस कापते वहिनीचे."

"आज तू आहेस, हे आहेत," सासू सुनेला म्हणाली. "उद्या तू वर. हा पण खाली हिशेबात. मी एकटी आणि हा हात. उद्या याला कोण धरणार?"

सुनेच्या मनातही हाच प्रश्न होता, पण सासूनं विचारला म्हणून तिला पहिल्यांदा त्याचं उत्तर असू शकेल असं वाटलं.

"दुपारी यंत्र बंद ठेवतो," सासरे म्हणाले. "हिच्या जेवणापुरतं."

"रोज?" सासूनं विचारलं.

"रोज."

"कधीपर्यंत?"

"दात येईपर्यंत."

"तिला का मला?"

"जिला आधी येतील तिला."

नणंद हसली, आणि मग सासूही, तोंडावर पदर न घेता, कारण हात मोकळा नव्हता. सुनेनं ठकीच्या खुर्चीखालचा पसारा पुसला, फळी धुतली, ठकीचं तोंड पुसायला गेली. फडकं जवळ आलं तसे ठकीचे ओठ पुन्हा आत गेले. ते एकदम सुटणार नव्हतं. सून थांबली, फडकं ठकीच्या हातात दिलं. ठकीनं ते कानाला लावलं.

मग सून आत गेली आणि कपाटाखालून कामाचे जाड तळव्याचे बूट काढून आणले. दाराशी बसून ओल्या फडक्यानं पुसले, नाड्या सोडून पुन्हा ओवल्या, आणि जिन्याच्या तोंडाशी जोडून ठेवले. सासूनं ते बघितलं.

"सकाळी मला हाक मारू नकोस," ती म्हणाली. "मी जागीच असेन."

सासऱ्यांची मूठ आता सैल झाली होती, ठकीची फडकं चघळायची गतही मंदावली होती. पण सासूनं आपला हात काढून घेतला नाही.